कॉरिडॉर केअर

रुग्णालयात खाट रिकामी नसल्यामुळे तातडीच्या रुग्णावर मार्गिकेत, प्रतीक्षागृहात किंवा अन्य आडजागी ट्रॉलीवरच उपचार करण्याचा प्रकार. ही संज्ञा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) रूढ झाली. हिवाळ्यातील साथींपुरती मानलेली ही तडजोड तेथे आता वर्षभर चालते.

गर्दी दिसते अपघात विभागात, पण तिचे मूळ बहुधा वरच्या वॉर्डांत असते. बरे झालेल्या वृद्धांची घरी किंवा शुश्रूषागृहात सोय न झाल्याने खाटा अडतात आणि दाखल करायचे ठरलेले रुग्ण खाली खोळंबतात. किरकोळ दुखणी घेऊन येणाऱ्यांवर याचे खापर फोडणे अन्यायाचे आहे; त्यांना खाट लागतच नाही.

मार्गिकेत भिंतीतून येणारा प्राणवायू नसतो. सिलिंडर आणावा लागतो आणि तो संपत आला की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. बोलावण्याची घंटा नसते, पडदा नसतो. बेडपॅन देण्यापासून असाध्य आजाराचे निदान सांगण्यापर्यंत सारे येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर घडते. जानेवारी २०२५मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पाच हजारांहून अधिक परिचारक-परिचारिकांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जणांना रोजच अशा जागी काम करावे लागत होते.

ही केवळ गैरसोय नव्हे. इंग्लंडमधील ५० लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरील २०२२च्या अभ्यासानुसार, दाखल होण्यास सहा ते आठ तास लागलेल्या दर ८२ रुग्णांमागे एक जादा मृत्यू होतो.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक रुग्णालयात डॉ. पीटर व्हिचेलियो यांनी दाखल रुग्ण निरनिराळ्या वॉर्डांच्या मार्गिकांत विभागून ठेवण्याची पद्धत रुजवली. त्यामुळे भार एकाच विभागावर पडत नाही; खाटा मात्र वाढत नाहीत.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत याचे रूप म्हणजे दोन खाटांमध्ये जमिनीवर घातलेली गादी, ‘फ्लोअर बेड’. रुग्णाला परत न पाठवण्याची धडपड त्यामागे असते, हे विसरता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नव्हते. खाट नसल्याचे कारणही त्यात होते. त्या प्रकरणी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कलम २१मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, पैशाच्या टंचाईची सबब अमान्य केली आणि रिकामी खाट कोठे आहे हे तत्काळ कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारण्यास सांगितले.