आर्मेनियातले ‘खाचकार’ म्हणजे नेमकं काय?

येरेवानच्या वेर्निसाज बाजारात पर्यटक आठवण म्हणून क्रूस कोरलेला छोटा दगड घेतात. ती असते खाचकारची प्रतिकृती. आर्मेनियन भाषेत ‘खाच’ म्हणजे क्रूस, ‘कार’ म्हणजे दगड. मूळ खाचकार साधारण दीड मीटर उंच असतो. कारागीर तो छिन्नी-हातोडीने घडवतात. क्रूसाभोवती वेलबुट्टी, कुठे द्राक्षांचे घड. एकाची नक्षी दुसऱ्यावर सापडत नाही. म्हणूनच एक फुटला की ती नक्षी कायमची जाते. २०१०मध्ये युनेस्कोने ही कला मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली, पण तोवर अझरबैजानच्या नखिचेवान भागातल्या जुल्फाच्या कब्रस्तानातले हजारो खाचकार नष्ट झाले होते. डिसेंबर २००५मधली ही तोडफोड सीमेपलीकडून, इराणमधून चित्रित झाली. अझरबैजान सरकार मात्र आरोप फेटाळतं.