टेबल एक, शहरे अनेक

भातुकलीत आई-बाबा होणारी किंवा चोर-शिपाई खेळताना शिपायाचा रुबाब मिरवणारी मुले एक प्रकारचा भूमिकाखेळच खेळत असतात. या उपजत हौसेला नियमांची, आकडेमोडीची आणि दीर्घ कथानकाची जोड मिळाली, की जो खेळ तयार होतो, तो 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' या नावाने जगभर ओळखला जातो. नावाप्रमाणे हा एका टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ. मात्र गेल्या दोन दशकांत हे टेबल बऱ्याच अंशी संगणकाच्या पडद्यावर सरकले आहे. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुणे, बंगळुरू, लंडन, न्यू जर्सी अशा चार दिशांना पांगलेल्या मित्रांनाही आठवड्यातील एक संध्याकाळ राखून अर्धवट राहिलेले कथानक पुढे नेता येते. या खेळाचे स्वरूप, दूर राहून खेळण्याचा त्याचा इतिहास, त्यासाठीची साधने आणि त्यातील अडचणी यांचा हा परिचय.

खेळाचे स्वरूप

या खेळात साधारणतः चार ते सहा जण असतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या सर्वाधिक परिचित खेळात त्याला 'डंजन मास्टर' असे म्हणतात. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना करून रंगमंचावरून निघून जातो. हा सूत्रधार मात्र अखेरपर्यंत ठाण मांडून असतो. प्रसंगाचे वर्णन करणे, खेळाडूंना भेटणाऱ्या इतर सर्व व्यक्तींच्या वतीने बोलणे आणि नियमांचा निवाडा करणे ही कामे त्याची. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. पात्राचे बळ, चपळता, बुद्धी आदी गुण आकड्यांत मांडलेले असतात आणि ते एका कागदावर नोंदलेले असतात.

समजा, एका खेळाडूचे पात्र चोरट्याचे आहे आणि त्याला रात्री किल्ल्याचा तट चढायचा आहे. सूत्रधार मनाशी ठरवतो, की या कामासाठी १५ गुण हवेत. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो. दान पडते १२. पात्राच्या अंगी चढाईचे कौशल्य असल्याने त्यात ४ मिळवले जातात. बेरीज १६ झाली, चोरटा वर पोहोचला. बेरीज १५ पेक्षा कमी भरली असती, तर तो घसरला असता किंवा पहारेकरी जागा झाला असता, आणि कथा वेगळ्याच वाटेला लागली असती. वीस बाजूंच्या फाशाखेरीज चार, सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचे फासेही वापरले जातात.

यात रूढ अर्थाने कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. एक बैठक तीन-चार तासांची असते. अशा अनेक बैठकांतून उलगडणाऱ्या कथानकाला 'कॅम्पेन', म्हणजे मोहीम, म्हणतात. ती काही महिने, कधी कधी काही वर्षेही चालते. त्यामुळेच गटातील एखाद्याची बदली झाली, की खेळाचा प्रश्न उभा राहतो. पुढच्या आठवड्यात नवा भिडू घेता येतो. पण त्या पात्राने दोन वर्षांत जोडलेली नाती नव्या भिडूला पुरवता येत नाहीत.

मूळ बुद्धिबळात

या खेळाचे कूळ शोधत गेल्यास वाट भारतातील चतुरंगापर्यंत पोहोचते. चतुरंगातून बुद्धिबळ आले. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा एक खेळ रचला. पुढे प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेऑर्ग फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात नकाशा होता, फासे होते आणि निवाडा करणारा पंचही होता. आजचा सूत्रधार हा या पंचाचाच वारस होय.

अमेरिकेत १९६० च्या दशकात अशा युद्धखेळांची हौस असणारी मंडळे होती. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स राहत, तर शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन. दोघांची ओळख १९६९ मध्ये लेक जिनिव्हा येथील 'जेन कॉन' या खेळमेळ्यात झाली. संपूर्ण सैन्याऐवजी एकेका पात्राची धुरा खेळाडूवर सोपवण्याची कल्पना आर्नेसन यांनी आपल्या 'ब्लॅकमूर' या मोहिमेत रुजवली होती. त्यानंतर दोघांनी मुख्यत्वे टपाल आणि दूरध्वनीच्या साहाय्याने नियम तयार केले आणि १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या रूपाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. टेबलाभोवती खेळायचा हा खेळ अशा रीतीने दोन गावांतील पत्रव्यवहारातूनच जन्माला आला. गायगॅक्स यांचे २००८ मध्ये, तर आर्नेसन यांचे २००९ मध्ये निधन झाले.

टपालापासून पडद्यापर्यंत

दूरच्या भिडूशी खेळण्याची प्रथा इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. टपालाने बुद्धिबळ खेळणारे जुन्या काळापासून आहेत. 'डिप्लोमसी' हा राजकारणाचा पटखेळ टपालाने खेळवण्याचा प्रयोग जॉन बोर्डमन यांनी १९६३ मध्ये सुरू केला. १९७० मध्ये रिक लूमिस यांनी टपालाने चालणाऱ्या खेळांचा व्यवसायच उभारला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा संगणकीय खेळ तयार केला. अनेकांनी एकाच वेळी, केवळ मजकूर टंकून, एका कल्पित जगात वावरण्याची ती सुरुवात ठरली.

ई-मेल सर्वत्र पोहोचल्यावर लिखित खेळाला बहर आला. या प्रकारात प्रत्येक खेळाडू सवडीने आपल्या पात्राची कृती लिहून पाठवतो आणि सूत्रधार तिचा परिणाम कळवतो. एका संध्याकाळी आटोपणारा प्रसंग यात महिनाभर चालू शकतो. मात्र सर्वांनी एकाच वेळी हजर राहण्याची अट नसल्याने पाळीची नोकरी करणारे, लहान मुलांचे पालक आणि परस्परविरुद्ध कालविभागांत राहणारे आजही या पद्धतीला पसंती देतात.

इंटरनेटवरून बोलण्याची सोय देणारे स्काइप २००३ मध्ये आले आणि प्रत्यक्ष संवादाचा खेळ दूर राहून शक्य झाला. २००४ मध्ये 'फँटसी ग्राउंड्स' हे संगणकीय टेबल विक्रीस आले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनीही चौथ्या आवृत्तीबरोबर स्वतःच्या संगणकीय टेबलाची घोषणा केली होती; चाचणीपलीकडे न जाता ते २०१२ मध्ये गुंडाळले गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी महाविद्यालयात एकत्र खेळलेल्या तीन अमेरिकन मित्रांनी, दूर गेल्यावरही खेळ सुरू राहावा या गरजेपोटी, 'रोल२०' हे संकेतस्थळ उभारले. ते ब्राउझरवर चालत असल्याने वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याची गरज उरली नाही. २०१५ मध्ये 'डिस्कॉर्ड' ही संवादसेवा आली, तर मे २०२० मध्ये 'फाउंड्री' हे नवे टेबल सर्वांसाठी खुले झाले. तेव्हा करोनाच्या साथीमुळे जगभर घराघरांची दारे बंद होती. शेजारच्या इमारतीतील मित्रही त्या काळात दूरचाच झाला होता आणि एरवी टेबलाशी बसणारे अनेक गट पडद्याकडे वळले.

संगणकीय टेबल कसे चालते?

अशा टेबलावर मध्यभागी नकाशा असतो. त्यावर प्रत्येक पात्राची सोंगटी असते आणि ती ज्याची त्याने हलवायची असते. सूत्रधार नकाशाचा काही भाग झाकून ठेवू शकतो. मशाल घेतलेल्या पात्राला दहा पावलांवरचे दिसेल, अंधारातल्या साथीदाराला दिसणार नाही, अशी सोय प्रत्यक्ष टेबलावर अवघड असते. येथे ती सहज होते. फासे संगणक टाकतो आणि दान सर्वांना एकाच वेळी दिसते. बेरीज-वजाबाकीही तोच करतो. सूत्रधार एखाद्याच खेळाडूला गुप्त संदेश धाडू शकतो. आवाजासाठी बहुतेक गट स्वतंत्र संवादसेवा वापरतात.

तरीही साऱ्या सोयी वापरल्याच पाहिजेत, असे नाही. केवळ ध्वनिसंवाद, प्रत्येकाच्या घरी असलेले फासे आणि परस्परांच्या शब्दावरील विश्वास एवढ्यावर खेळणारेही आहेत. नियमपुस्तके बहुतांशी इंग्रजीत असली, तरी खेळाची भाषा ही गटाची भाषा असते. नियमांत तिच्यावर कोणतेही बंधन नाही.

घड्याळाची अडचण

दूरस्थ गटापुढील सर्वांत चिवट शत्रू राक्षस नव्हे, तर घड्याळ होय. उदाहरणार्थ, भारतात शनिवारी रात्री साडेआठला बैठक ठरवली, तर उन्हाळ्यात लंडनमध्ये दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे आठ वाजलेले असतात. हिवाळ्यात या तिन्ही ठिकाणी घड्याळ एक तास मागे येते. सिडनीच्या मित्राला मात्र याच वेळेसाठी मध्यरात्र उलटल्यावर एक किंवा दोन वाजता जागावे लागते.

भारतात घड्याळ बदलत नसल्याने या फेरफाराचा विसर पडतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते, तर युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, तर अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या मधल्या दिवसांत लंडन आणि न्यू जर्सी यांतील नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांवर येते आणि कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा हजर होतो.

दुसरी अडचण संवादाची. समोरासमोर बसल्यावर दोघे एकदम बोलले तरी निभावते. ध्वनिसंवादात दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. अबोल खेळाडू तर पूर्णच हरवतो. अनुभवी सूत्रधार म्हणूनच प्रत्येकाचे नाव घेऊन, पाळीपाळीने विचारतो. बैठकही आटोपशीर ठेवली जाते, कारण पडद्यापुढे थकवा लवकर येतो.

टेबल कोणाच्या मालकीचे?

खेळाचे टेबल घरचे असते. संगणकीय टेबल कोणा कंपनीचे असते. गुगल प्लस या सेवेवर भूमिकाखेळ खेळणाऱ्यांचा मोठा राबता होता. ही सेवा एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि तेथील गटांची पांगापांग झाली. स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. वर्षानुवर्षांची टिपणे आणि नकाशे एकाच संकेतस्थळावर ठेवणाऱ्यांनी यातून धडा घेणे इष्ट. फाउंड्रीसारखे सॉफ्टवेअर सूत्रधाराच्या स्वतःच्या संगणकावरून चालवता येते आणि परवानाही केवळ त्यालाच विकत घ्यावा लागतो. नियमांच्या मालकीचा वादही जानेवारी २०२३ मध्ये पेटला होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खुल्या परवान्यात बदल करण्याचा प्रकाशकांचा बेत खेळाडूंच्या तीव्र विरोधामुळे मागे घेतला गेला आणि मूलभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचे खुले झाले. ते आज कोणालाही विनामूल्य मिळतात.

साधने येतात आणि जातात. पत्रावर निभावणारे गट होते, तसे पडद्यावर निभावणारे आहेत. गट टिकतो तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी माणसे येतात म्हणून. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरती उरलेली मैत्री अशा बैठकीमुळे दर आठवड्याला तीन तास नांदते, हे या खेळाचे दानापलीकडचे फलित म्हणावे लागेल.

चौकट : पहिल्यांदा खेळताना

- गट सूत्रधारासह चार-पाच जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते.
- पहिली बैठक खेळाची नव्हे, तर बोलण्याची असावी. कथेचा सूर, वेळ आणि कोणाला नको असलेले विषय आधीच ठरवावेत. जॉन स्टॅवरोपोलस यांच्या 'एक्स-कार्ड' पद्धतीत एखादा प्रसंग असह्य झाल्यास खेळाडू कारण न देता तो वगळण्यास सांगू शकतो.
- प्रारंभी एका बैठकीत संपणारी कथा घ्यावी, मोहीम नंतर.
- किती जण गैरहजर असल्यास खेळ रद्द होईल, हे आधी ठरवावे. एक जण नाही म्हणून बैठक मोडण्याची सवय लागली, की गट मोडतो.
- प्रत्येकाने हेडफोन वापरावा. स्पीकरमुळे आवाज घुमतो.
- बैठकीची वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि प्रत्येकाच्या स्थानिक वेळेत लिहून कळवावी.
- टिपणे आणि नकाशे यांची एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवावी.