फुगलेले कपॅसिटर आणि व्हाइस सिटी

गेल्या रविवारी माळा आवरताना आमचा जुना सीपीयू सापडला. (आमच्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणायचे. इंजिनीअरिंगला जाईपर्यंत मीसुद्धा.) २००९ साली बाबांनी तो तपकीर गल्लीतून आणला होता. कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेला असेंबल्ड पीसी, आत एक एजीपी ग्राफिक्स कार्ड. चार महिने मजेत गेले. मग स्क्रीनवर उभ्या रेघा, हिरवे-गुलाबी ठिपके आणि शेवटी काळोख. दुकानदार म्हणाला, "साहेब, पोरं गेम खेळतात, कार्ड तापतं, दुसरं काय!" झालं. मी तेव्हा सातवीत. व्हाइस सिटी बंद, आणि "यानं कंप्यूटर घालवला" हे वाक्य पुढची पंधरा वर्षं पाहुण्यांसमोर अधूनमधून ऐकवलं गेलं.

रविवारी कार्ड काढून हातात घेतलं. पंख्याशेजारच्या चार कपॅसिटरची डोकी टम्म फुगलेली, एकावर तपकिरी खरपुडी. मागच्या स्टिकरवर साल २००३. ते वाचलं आणि ट्यूब पेटली.

साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कित्येक मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डांवर हाच रोग होता. 'कपॅसिटर प्लेग' असंच नाव पडलंय त्याला. या डबीत अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि मधे इलेक्ट्रोलाइट भिजवलेला कागद. त्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पाणी जास्त घातलं की रोध कमी होतो आणि खर्चही. पण पाणी अॅल्युमिनियमला खातं. त्यातून हायड्रोजन तयार होतो. म्हणून त्याला आवर घालणारी रसायनं मिसळावी लागतात. ती नसली की डबी आतून फुगते आणि डोक्यावरच्या मुद्दाम कोरलेल्या खाचेतून फुटते. चांगला कपॅसिटर १०५ अंशांना २००० तासांचा असेल, तर ढोबळ नियमानं दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. म्हणजे ६५ अंशांना ३२,००० तास. रोज आठ तास वापरला तर जवळजवळ अकरा वर्षं! आणि हे बिचारे दोन-तीन वर्षांत जायचे.

आता, स्क्रीनच का आधी बिघडते? ग्राफिक्स चिपला अगदी कमी व्होल्टेजवर भरपूर करंट लागतो, तोही क्षणाक्षणाला बदलणारा. हे चढउतार गुळगुळीत करण्याचं काम कपॅसिटरचं. ते थकले की चिपच्या आणि शेजारच्या मेमरीच्या पुरवठ्यात लहरी येतात आणि बिट चुकतात. प्रोसेसरचा बिट चुकला तर मशीन नुसतं हँग होतं, आपण रीस्टार्ट करून विसरून जातो. चित्राच्या मेमरीतला चुकला तर तो ठिपका होऊन डोळ्यांसमोर येतो. गेममध्ये ताण जास्त, म्हणून ठिपके गेममध्येच पहिल्यांदा दिसायचे. दुकानदाराचं निरीक्षण बरोबर होतं हो, निदान चुकलं.

या प्लेगची एक फिल्मी कथा २००२ पासून छापून येते आहे. जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला, तिथल्या सहकाऱ्यांनी त्याचा फॉर्म्युला तैवानला पळवला, आणि पळवलेला फॉर्म्युला अर्धवट निघाला. ऐकायला झकास. पण डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० मध्ये जे कपॅसिटर गेले, ते निचिकॉन या नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते. चोराच्या माथी सगळं मारता येत नाही.

डेलचं प्रकरण तर मला पाठच झालंय आता. २००५ मध्ये त्यांनी या दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. २०१० मध्ये एका खटल्याची कागदपत्रं उघड झाली. मे २००३ ते जुलै २००५ मध्ये विकलेले किमान १ कोटी १८ लाख कंप्यूटर धोक्यात होते, असं न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं. आणि त्यातच ही गंमत. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीनं बंद पडायला लागली, तेव्हा कंपनीनं कारण काय सांगावं? तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेतलीत!

गणित विभागाला गणितं केली म्हणून बोलणी. मी तर सातवीतला पोरगा.

(यानंतरचा घोटाळा वेगळा. २००८ मध्ये एनव्हिडियानं चिपच्या पॅकेजमधल्या कमकुवत जोडांपायी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला, पण तो मुख्यतः लॅपटॉपचा. तेव्हा लोक बोर्ड ओव्हनमध्ये भाजायचे आणि तो काही आठवडे चालायचासुद्धा! फुगलेल्या कपॅसिटरवर मात्र हा प्रयोग करू नका, फुटेल.)

असो. चार नवे कपॅसिटर पन्नास रुपयांच्या आत आले. व्होल्टेज आणि मायक्रोफॅरड तेच, दिशा नीट बघून लावले. एक्सपी सुरू झालं. रेघ नाही, ठिपका नाही. व्हाइस सिटी अजून डी ड्राइव्हवर होतं, तासभर खेळलो.

बाबांना फुगलेल्या डोक्यांचा फोटो दाखवला, टेक्सासची गोष्टही सांगितली. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. म्हणाले, "बरं. पण तेव्हा तुझे मार्क पण कमी झाले होते, ते कशामुळे?"