रुक्मिणीचा अर्ज आणि आमचा भाचा

कौंडण्यपूर हे माझ्या बहिणीचं सासर. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर वसलेलं गाव. इथली माणसं गावाचा पत्ता सांगताना पिनकोड सांगत नाहीत, 'रुक्मिणीचं माहेर' एवढंच सांगतात. साक्षात श्रीकृष्ण ज्या गावचा जावई, त्या गावाला पोस्टखात्याची काय पर्वा!

तर या गावाहून एका जूनमध्ये बहिणीचा फोन आला.

"दादा, गुरवारी पोट्ट्याचा इंटरव्ह्यू हाय. फोनवर. तू ये."

"फोनवर आहे ना? मग मी येऊन काय करू?"

"असं काऊन म्हनतं? तू ब्यांकेत हायेस ना!"

बँकेत नोकरी करणाऱ्याला जगातलं सगळं समजतं, असा आमच्या नात्यागोत्यात एक गोड गैरसमज आहे. तो मी इतकी वर्षं काळजीपूर्वक जपला आहे. निमूटपणे रजेचा अर्ज टाकला.

मामला साधा होता, पण हलका नव्हता. भाच्याला पुण्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी सवलतीत बसत होती, खानावळ मात्र कशातच बसत नव्हती. आदल्या साली सोयाबीन पावसानं नेलं होतं आणि जे उरलं ते भावानं. राहता राहिली 'कमवा व शिका' योजना. रोज थोडे तास कॉलेजच्या ग्रंथालयात नाहीतर बागेत काम करायचं आणि तासाच्या हिशेबानं पैसे घ्यायचे. काम मिळालं तर पुणं, नाहीतर घरची गुरं. आणि ते ठरणार होतं गुरुवारी सकाळी अकरा वाजता, फोनवर.

मी पोचलो तेव्हा घरात लग्नघर झालं होतं. बहिणीनं भाच्यासाठी नवा शर्ट आणला होता.

"अगं, फोनवर शर्ट कुठे दिसतो?"

"आवाजात दिसते," ती म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

भाच्याचे आजोबा, म्हणजे आबाजी, यांचा सल्ला एकच होता, "जोरानं बोल बाप्पा! पुनं लय दूर हाय." त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांचा सगळा अनुभव ट्रंक कॉलचा. माझ्या लहानपणीसुद्धा ट्रंक कॉल आधी नोंदवावा लागे. त्याचे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे, माणसांचे असतात तसेच वर्ग होते. बोलणं तीन मिनिटांच्या मापानं, आणि त्यातली दोन 'हॅलो, ऐकू येतंय का' यात जायची. पुढे १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, तिच्या यंत्रांनी खेड्यापाड्यांत फोन पोचवले आणि गावोगावी पिवळ्या पाटीचे पीसीओ उभे राहिले. तिथल्या मीटरचे लाल आकडे पळताना पाहून माझ्या वडिलांचा रक्तदाब त्याच वेगानं पळायचा. 'सगळे बरे आहेत, ठेवतो' हे कुटुंबवत्सल मराठी वाक्य त्याच मीटरच्या धाकानं जन्मलं असावं.

रात्री मी रंगीत तालीम घेतली. साहेबी आवाज काढून विचारलं, "तुमची सर्वांत मोठी कमजोरी कोणती?"

भाचा क्षणभर विचार करून म्हणाला, "रेंज."

शब्दशः खरं होतं. घरात फोनला रेंज नव्हती. ती मिळे फक्त टेकडीवर, विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळापाशी. इंटरव्ह्यू तिथेच द्यायचा ठरला.

तालीम पुढे चालली. भाच्यानं कुठूनतरी उत्तरं पाठ केली होती. 'मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून आपल्या नामांकित संस्थेत…' ऐकता ऐकता मला काउंटरवर आल्यासारखं वाटलं. कर्जाच्या अर्जात सगळेच मेहनती, प्रामाणिक व होतकरू असतात, हप्त्याच्या तारखेला त्यातले किती उरतात हे आम्ही जाणतो.

शेवटी मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या गावातूनच जगातला एक फर्स्टक्लास अर्ज गेलेला आहे. तो वाच."

रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, तेव्हा तिनं एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडला. भागवतात तो अवघ्या सात श्लोकांत आहे. आमच्या एकनाथमहाराजांनी १५७१ साली 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं, त्यात मात्र त्याला मनमुराद जागा दिली. सुरुवातीची स्तुती सोडली तर त्या निरोपात सगळा कामाचा मजकूर. लग्न उद्या, तर तुम्ही यायचं कधी. आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, तेव्हा मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येईन. तिथून मला न्या, म्हणजे वाड्यात शिरून माझ्या माणसांना मारायची पाळी येणार नाही. वेळ, ठिकाण, मार्ग आणि अडचणीवरचा तोडगा! 'मी होतकरू असून' कुठेही नाही. ते देऊळ आमचंच, असं कौंडण्यपूरकर म्हणतात. आमच्या अंबादेवीचं, असं अमरावतीकर म्हणतात. उमेदवाराची निवड झाल्यावर इंटरव्ह्यूच्या जागेवरून भांडणं होतातच.

भाचा हसला, पण लगेच गप्प झाला. म्हणाला, "मामा, काम मागाले लाज वाटते. कॉलेजात झाडू मारतो म्हनून पोट्टे हसतीन."

म्हणजे खरी कमजोरी ही होती. रेंज आपली उगीच बदनाम.

मग मी त्याला भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. भाऊरावांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालू केलं. मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. पोरांच्या पोटासाठी पैसा कमी पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ताळेबंदात मंगळसूत्र कुठल्या बाजूला लिहायचं, हे आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नाही. १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं आणि ही राबून शिकण्याची पद्धत कॉलेजपर्यंत पोचली. पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला आज भाऊरावांचंच नाव आहे. तेव्हा झाडू हातात घेशील तो त्या घराण्याचा असेल, हे ध्यानात ठेव.

आणि फोनचं म्हणशील, तर त्यावरचं पहिलं वाक्यच कामाला बोलावणारं होतं. १० मार्च १८७६ रोजी बेलसाहेबानं तारेवरून आपल्या मदतनिसाला, वॉटसनला, 'इकडे या' म्हणून हाक मारली. हा वॉटसन बावीस वर्षांचा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेला. पुढे टेलिफोननं त्याला पैसा दिला, तेव्हा तो चाळिशीत अमेरिकेतल्या एमआयटीत भूगर्भशास्त्र शिकायला जाऊन बसला. आधी कमवा, मग शिका! मीही चाळिशीत आहे, पण तो विषय मी तिथेच थांबवला.

गुरुवारी अकराला भाचा नव्या शर्टात टेकडीवर उभा. आम्ही सगळे दहा पावलांवर, देवाकडे पाहिल्यासारखं दाखवत त्याच्याकडे पाहत होतो. फोन वाजला. पलीकडच्यांनी विचारलं असावं, काम कशासाठी हवं?

भाच्यानं एकदा नदीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, सोयाबीन गेलं. बाबा खानावळीचे पैसे पाठवू शकत नाहीत. मी सकाळी सहाला येऊ शकतो. घरी संत्र्याच्या झाडांना पाणी मीच देतो, हिशेबाची वहीपण मीच लिहितो. झाडू मारायलाही हरकत नाही."

ओरडला नाही. होतकरूही म्हणाला नाही.

मग तो ऐकू लागला आणि एकदम त्याचा चेहरा पडला. लाइन तुटली होती.

"काय म्हनले?" बहिणीनं विचारलं.

"'या' म्हनले, अन् कटलं."

झालं! देवळासमोर परिसंवाद भरला. बहीण म्हणाली, "या म्हणजे ये म्हनले." मेहुणे जन्माचे शेतकरी, त्यांचा अंदाज नेहमी खालच्या बाजूला. ते म्हणाले, "'या वर्षी जागा नाही' असंबी असंल." आबाजी म्हणाले, "मी सांगतलं होतं, जोरानं बोल!" मराठी भाषेत एका अक्षरात स्वर्ग आणि नरक मावतो, हे त्या दिवशी मला प्रथमच कळलं. माझं मत विचारलं गेलं. मी बँकेतल्या सवयीनं म्हणालो, "लेखी आल्याशिवाय काही धरू नये."

पाऊण तास कोणी टेकडी उतरलं नाही. बहीण रुक्मिणीपुढे बसून राहिली. ब्राह्मण द्वारकेहून परतेपर्यंत या मुलीनंही वाट अशीच पाहिली असेल.

मग खिशात फोन थरथरला. एका ओळीचा निरोप होता. १ जुलै, सकाळी साडेसहा, ग्रंथालय.

वेळ, ठिकाण, सगळं होतं. मेहुण्यांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला, टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "साडेसहा म्हनजे काही लवकर नाही. घरी तं पाचाले उठतो हा."