आधी दाखला, मग सिनेमा

डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१७मध्ये गोव्याच्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इंडियन पॅनोरमा विभागाची सुरुवात करणार होता. परीक्षकांनी तो निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मात्र ऐनवेळी तो यादीतून वगळला आणि त्याच्याबरोबर मल्याळम ‘एस दुर्गा’लाही बाहेर काढले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसून मुलाला वाढवणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. जानेवारी २०१८मध्ये सेन्सॉर बोर्डाने विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला चित्रपट दाखवला. एकही कात्री न लावता त्याला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी तो थिएटरात लागला.

नोव्हेंबरात महोत्सवाला नकोसा झालेला चित्रपट जानेवारीत जसाच्या तसा पास झाला. फरक एवढाच, की आता दाखल्याचा कागद हाती आला होता. त्या कागदाला आपल्याकडे एवढे वजन कसे आले, याची कथा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात मराठी सिनेमाचा वाटा मोठा आहे.

इंग्रज सरकारने १९१८मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा केला. १९२०मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डे आली आणि त्यांची सूत्रे पोलीस आयुक्तांकडे गेली. प्रेक्षकाचे वय हा तेव्हा प्रश्नच नव्हता. सत्तेला धोका आहे का, एवढेच बघितले जाई. व्ही. शांताराम यांनी १९३०मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी शिवरायांवर ‘स्वराज्याचे तोरण’ काढला आणि शिवरायांची भूमिका स्वतःच केली. ‘स्वराज्य’ हा शब्द बोर्डाला खपला नाही. नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले, शेवटी झेंडा फडकवण्याच्या दृश्यालाही कात्री लागली. पाच वर्षांनी प्रभातनेच बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत घेऊन ‘महात्मा’ तयार केला. एकनाथांनी अस्पृश्यांना जवळ केले ती ही कथा, आणि नावात गांधीजींची आठवण. बोर्डाच्या आक्षेपानंतर काटछाट झाली आणि १९३५मध्ये चित्रपट ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला. पुढे २०११मध्ये याच बालगंधर्वांवर चित्रपट केला तो रवी जाधव यांनी.

स्वातंत्र्यानंतर पोलिसांचा हात सुटला, पण पूर्वपरवानगी कायम राहिली. १९४९मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दोन वर्ग ठरले. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९५१मध्ये प्रांतोप्रांतीची बोर्डे जाऊन एकच केंद्रीय बोर्ड आले आणि आजचा कायदा १९५२चा. चित्रपट दाखवण्यायोग्य आहे का, हे केंद्राने ठरवायचे आणि थिएटरचा परवाना राज्याने द्यायचा, अशी वाटणी झाली. महाराष्ट्रात परवान्याचा कायदा १९५३चा आहे.

ही व्यवस्थाच घटनाबाह्य आहे, असे म्हणत ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘चार शहर एक कहानी’ या त्यांच्या माहितीपटात श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी दाखवली होती. मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांमुळे बोर्डाने त्याला ‘ए’ दिले. अब्बास यांना ‘यू’ हवे होते. १९७०मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. वयानुसार वर्गवारी करणेही योग्य मानले. मात्र बोर्डाच्या निर्णयावर दाद सरकारकडेच मागावी लागते, हे खटकणारे होते. स्वतंत्र अपील लवादाची तयारी सरकारने तेव्हा दाखवली. लवाद प्रत्यक्षात यायला १९८३ उजाडले. त्याच वर्षी बोर्डाच्या नावातला ‘सेन्सॉर’ गेला आणि ‘प्रमाणन’ आले. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणारा ‘यूए’ आणि डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ असे दोन वर्ग वाढले. लोकांच्या तोंडी मात्र ते आजही सेन्सॉर बोर्डच आहे.

ठाण्याच्या गणेश, वंदना, मल्हार, आलोकमध्ये, कल्याणच्या कृष्णा आणि भानुसागरमध्ये, डोंबिवलीच्या टिळक, गोपी, मधुबन आणि पूजामध्ये पिढ्यान्‌पिढ्यांनी हा कागद पाहिला, पण वाचला फार थोड्यांनी. चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येणाऱ्या त्या दाखल्यावर नाव, भाषा, लांबी, अर्जदार, निर्माता, क्रमांक आणि तारीख असते. वर्ग इंग्रजी अक्षरात असतो आणि नागरीतही. ‘यू’साठी अ, ‘ए’साठी व, ‘यूए’साठी अ/व. खाली डाव्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसला, तर चित्रपटाला कात्री लागलेली आहे आणि काय कापले त्याची यादी दाखल्याच्या दुसऱ्या भागात आहे, असे समजावे. अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘ए’ चित्रपटाला सोडले तर गुन्हा थिएटरवाल्यावर. म्हणून ‘फक्त प्रौढांसाठी’च्या खेळाला दारावरचा माणूस कोवळ्या मिसरुडाकडे बघून पोरांना परत पाठवी.

घरातल्या पडद्याला असा दारवान कधीच नव्हता. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले, कॅसेट भाड्याने मिळू लागल्या आणि बोर्डापुढे कधीही न गेलेल्या फिती चाळींत फिरू लागल्या. रवी जाधव यांचा ४ जानेवारी २०१३ रोजी आलेला ‘बालक-पालक’ नेमका त्याच काळातल्या चार मुलांचा. मोठी माणसे बोलत नाहीत म्हणून ही मुले उत्तरे कॅसेटमध्ये शोधतात. दाखल्याची व्यवस्था कुठे अपुरी पडते, हे त्या चित्रपटाने कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा स्पष्ट दाखवले.

अमेरिकेत १९६८पासून चालत आलेली वर्गवारी चित्रपटउद्योगाची स्वतःची आणि ऐच्छिक आहे. निर्मात्याने वर्ग घेतलाच नाही तरी चित्रपट दाखवणे गुन्हा ठरत नाही. फार तर बडी थिएटरे त्याला दारात उभे करत नाहीत. आपल्याकडे दाखल्याविना सार्वजनिक खेळ बेकायदा आहे. महोत्सवांना मिळणारी सूट हीच काय ती फट, तीही सरकारच्या मर्जीवर. २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांकडे सेन्सॉरचा दाखला मागितला, तेव्हा दिग्दर्शक एकवटले आणि अट मागे घ्यावी लागली. त्यातूनच ‘विकल्प’ ही चळवळ उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी आनंद पटवर्धन यांच्या अणुचाचण्यांवरच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये बोर्डाने सुचवलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली होती.

टीव्हीचा प्रश्नही याच न्यायालयात सुटला. मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेनंतर केबलवर फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपटच दाखवायचे, असे ठरले. मोबाइलवरच्या ओटीटीला बोर्डाचा दाखला लागत नाही. २०२१च्या नियमांनुसार कंपन्या स्वतःच ‘यू’, ७+, १३+, १६+ आणि ‘ए’ असे वर्ग लावतात, आशयात काय आहे ते लिहितात आणि १३+पासून पुढे पालकांसाठी कुलूप देतात. थिएटरसाठीही हेच वयोगट २०२३च्या दुरुस्तीने आले. एका ‘यूए’चे तीन झाले, दहा वर्षांची मुदत जाऊन दाखला कायमचा झाला आणि मार्च २०२४च्या नव्या नियमांनी बोर्डात किमान एक तृतीयांश महिला सक्तीच्या केल्या.

ही दिशा योग्य आहे. सात वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एकाच अक्षरात कोंबणे मुळातच चूक होते. चित्रपट कापण्यापेक्षा त्यात काय आहे ते आधी सांगणे, हे प्रौढ समाजाला शोभते. पण याच काळात एक पाऊल मागेही पडले. एप्रिल २०२१मध्ये सरकारने अपील लवाद रद्द केला. आता बोर्डाचा निर्णय पटला नाही तर थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते परवडते. कर्ज काढून पहिला चित्रपट करणारा डोंबिवली-कल्याणचा मराठी दिग्दर्शक वकिलाचा खर्च करण्यापेक्षा मुकाट्याने दृश्य कापतो. अब्बास यांच्या खटल्यातून आलेली ती दाद स्वस्तात आणि लवकर मिळण्याची सोय सरकारने परत आणली पाहिजे. आणि ठाण्याच्या मॉलमध्ये असो वा घरच्या सोफ्यावर, मुलांना सिनेमा दाखवणाऱ्या आईबापांनी नावाशेजारचा तो आकडा आधी वाचावा, मुलाचे वय त्याच्याशी ताडून पाहावे आणि मगच तिकीट काढावे किंवा सिनेमा लावावा.