चिकित्सालयीन मानसशास्त्र : बुलढाणा जिल्हा

चिकित्सालयीन मानसशास्त्र : मनोविकारांचे मूल्यमापन, मानसोपचार व समुपदेशन यांचा विचार करणारी मानसशास्त्राची उपयोजित शाखा. संशोधन, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष सेवा ही तिची तीन अंगे होत. १९४९ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने या शाखेच्या विद्यार्थ्याला संशोधक आणि उपचारक अशा दोन्ही भूमिकांसाठी घडवावे, असे ठरवले. बुलढाणा जिल्ह्यात मात्र ही तीन अंगे एका छताखाली नाहीत. येथे उपयोगी पडणारे महत्त्वाचे संशोधन अमरावती जिल्ह्यात व गोव्यात झाले, तज्ज्ञांचे प्रशिक्षण मोठ्या शहरांत होते आणि सेवेची पहिली पायरी गावातील आशा सेविका असते.

पार्श्वभूमी : जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून. कापूस व सोयाबीन ही प्रमुख पिके. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये बुलढाण्याचा समावेश होता. त्यात भर कर्ज, व्याज व सिंचनावर होता. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर बाधा झाल्याच्या समजुतीने मनोरुग्णांना आणण्याची जुनी प्रथा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. त्यामुळे अनेक कुटुंबांच्या बाबतीत डॉक्टरआधी दर्ग्याची वाट धरली जाते, हे येथील सेवेला गृहीत धरावे लागते.

प्रशिक्षण : भारतात या विषयाचे पद्धतशीर प्रशिक्षण १९५० च्या दशकात बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत (आताची निमहान्स) सुरू झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे अभ्यासक्रमांची मान्यता व व्यावसायिकांची नोंदणी आली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील व्याख्येनुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी परिषदेने मान्य केलेली पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रात्यक्षिकासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. नुसती मानसशास्त्रातील एम.ए. पदवी त्यासाठी पुरत नाही.

संशोधन : ‘विश्राम’ हा प्रकल्प ‘प्रकृती’ व ‘संगाथ’ या संस्थांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवला. गावपातळीवरील कार्यकर्ते नैराश्याबद्दल बोलत, प्राथमिक मानसिक आधार देत आणि गरजेनुसार समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवत. १८ महिन्यांत नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. ही आधीची व नंतरची तुलना होती. प्रकल्प न राबवलेल्या गावांशी ताडून पाहिलेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ने केलेल्या चाचणीत नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यांतील एका गटाला सहा ते आठ बैठकांत उपचार दिले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. उपचाराची पद्धत साधी आहे. नैराश्य आलेला माणूस शेतात जात नाही, पारावर बसत नाही, पाहुण्यांना टाळतो. त्यामुळे मन आणखी खचते. समुपदेशक त्याच्यासोबत आठवड्याचा तक्ता करतो : सकाळी बांधापर्यंत चक्कर, एका सोबत्याशी बोलणे, गुरांना पाणी पाजणे. पुढच्या बैठकीत काय जमले, काय राहिले आणि त्या वेळी मन कसे होते, हे पाहून नवा तक्ता ठरतो.

सेवा : २०१५ मध्ये राज्य शासनाने १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बुलढाणा आहे. आशा सेविका घरोघरी विचारपूस करून जोखमीच्या व्यक्ती शोधतात व त्यांना पुढे पाठवतात. १०४ क्रमांकावर दूरध्वनीने समुपदेशनाची सोय ठेवण्यात आली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता व परिचारिका यांचे पथक अपेक्षित असते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ क्रमांकावरील मोफत समुपदेशन सेवा देशभर सुरू आहे.

मूल्यमापन : प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ नैराश्यावर प्रभावी उपचार करू शकतात, हे गोव्यात सिद्ध झाले, पण तेथील समुपदेशकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे ऐकून नियमित चर्चा होत असे. आशा सेविकेला एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन प्रश्नावली हाती दिली, तर तेवढ्याने तो उपचार गावात पोहोचत नाही. लसीकरण, बाळंतपणे व सर्वेक्षणे यांत गुंतलेल्या सेविकेकडून समुपदेशनाचीही अपेक्षा ठेवायची, तर तिला वेळ, मोबदला आणि अडल्यावर विचारायला तज्ज्ञ माणूस हवा. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना देखरेखीखाली काम करण्याची सोय झाली आणि आशांच्या नोंदींचा अभ्यास होऊन निष्कर्ष त्यांच्यापर्यंत परत गेले, तर तिन्ही अंगे जिल्ह्यातच जोडता येतील. तोवर बुलढाण्यातील सेवा बाहेर तयार झालेल्या ज्ञानावर आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांवर अवलंबून राहील.