साडेपाच हजार सह्या

बाळकुमहून कोलशेत रस्त्याने जाताना आज उंच इमारती दिसतात. एके काळी याच परिसरात कारखान्यांचे भोंगे वाजत. ज्यांच्या घरी कारखान्यातून निवृत्त झालेले वडील वा आजोबा आहेत, त्यांना ‘करार’ हा शब्द परका नाही. जुना करार संपत आला की खात्याखात्यांतून सूचना गोळा होत, गेटसभेत त्यांवर वाद झडत, आणि मगच युनियनचे मागणीपत्र मालकांपुढे जाई. या रीतीचे मूळ शोधू लागलो आणि आम्ही पुन्हा ठाण्यातच येऊन पोहोचलो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीतले जिणे त्यांनी तेथे जवळून पाहिले. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी वाहिली.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या. तेथे मंजूर झालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या व ते फॅक्टरी कमिशनपुढे गेले. त्यातील मागण्या वाचून आम्ही थबकलो. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. पंधरा तारखेचा आग्रह कोण धरील? ज्याला वाण्याची उधारी फेडायची असते तोच! लेखणी लोखंड्यांची असली तरी मागण्यांत बोलत होता तो कामगाराचा संसार.

नवल असे की, या संघटनेला ना सभासदांची नोंदवही होती, ना निधी, ना नियम. तरीही २४ एप्रिल १८९० च्या मुंबईतील सभेला सुमारे दहा हजार कामगार लोटले आणि दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पोप लिओ तेरावे यांचे, कामगारांचा संघटनेचा हक्क व रविवारची विश्रांती उचलून धरणारे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र निघाले ते पुढच्या वर्षी, १५ मे १८९१ रोजी.

पुढे नोंदवह्या आल्या, कायदेही आले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत वाटाघाटींचा अधिकार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक युनियनलाच दिला. शिस्त आली हे खरे. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांमागे संपावर गेले, तेव्हा कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलायचे होते ते राष्ट्रीय मिल मजदूर संघाने. ज्या युनियनकडे ते पाठ फिरवून उभे होते, तिच्याच हाती त्यांच्या मागण्यांची किल्ली होती.

१८८४ सालच्या कामगारांपाशी कायदा नव्हता. त्यांच्या सह्या मात्र त्यांनी स्वतः निवडलेल्या मागण्यांखाली होत्या.